तारखेचा धंदा आणि आपली वसुली

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या बाजारात रोज ऐकू येते. नवल असे की, ज्याचे पैसे बुडाले त्याच्यापेक्षा ज्याने बुडवले त्याच्याच तोंडी ती जास्त असते. "जा, खुशाल कोर्टात जा, दहा वर्षे फेऱ्या मार," असे देणेकरी बिनदिक्कत सांगतो, कारण कोर्टातला उशीर त्याच्या बाजूचा आहे हे त्याला ठाऊक असते. आपला व्यापारी आणि कारागीर मात्र हे ऐकून गप्प बसतो, किंवा गेलाच तर तयारीशिवाय जातो. दोन्ही प्रकारांत नुकसान त्याचेच होते. म्हणून हा उशीर कोठून येतो, त्यात रिश्वतीला जागा कोठे मिळते आणि आपल्या हातात काय आहे, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

उशीर किती आणि का

आज देशातील सर्व न्यायालयांत मिळून ५ कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत. त्यातील बहुतेक तालुका आणि जिल्हा पातळीवरची, म्हणजे तुमच्या-आमच्या कामाची आहेत. याचे पहिले कारण साधे आहे. काम जास्त आणि न्यायाधीश कमी. विधी आयोगाने १९८७ साली सांगितले होते की, देशात दर दहा लाख लोकांमागे सुमारे १० न्यायाधीश आहेत, ते ५० असावेत. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली ५० चाच आकडा धरला. आज तो २१ च्या आसपास आहे. २०२४ साली खालच्या न्यायालयांतील सुमारे २५ हजार मंजूर जागांपैकी ५ हजारांहून अधिक रिकाम्या होत्या. ज्या कारखान्यात पाचातला एक माग बंद असतो तेथे माल वेळेवर निघत नाही, तसेच हे आहे.

दुसरे कारण आपल्या धंद्याच्या जवळचे आहे. न वटलेल्या चेकबद्दल शिक्षेचे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. हेतू चांगला होता, चेकची इज्जत राहावी. पण २०१९ च्या अखेरीस देशात असे ३५ लाखांहून अधिक खटले पडून होते. मुंबईच्या न्यायालयांत २०२५ च्या सप्टेंबरात ही संख्या १ लाख १७ हजारांच्या वर होती. कायद्यात लिहिले आहे की असा खटला शक्यतो ६ महिन्यांत संपवावा. प्रत्यक्षात पहिले वर्ष पुष्कळदा समन्स बजावण्यातच जाते. "पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा येतो आणि पुढची तारीख पडते.

तिसरे कारण म्हणजे तारीख मागण्याची सवय. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये. नियम पुस्तकात आहे. पण वकील आजारी, कागद आले नाहीत, साक्षीदार गावाला गेला, या कारणांना अंत नसतो. आणि खरे बोलायचे तर, फिर्यादी म्हणून ज्या तहकुबीचा आपल्याला राग येतो, तीच तहकुबी आरोपी झालो की आपणही मागतो.

उशिराचा हिशेब

समजा, तुमचे २ लाख रुपये अडकले. कापडाच्या धंद्यात ती रक्कम वर्षातून चार वेळा फिरली आणि प्रत्येक फेरीत शेकडा ३ रुपये सुटले, तर वर्षाला २४ हजार होतात. आठ वर्षांत १ लाख ९२ हजार. म्हणजे मुद्दल जवळपास दुप्पट झाली असती. तुम्ही ती कमाई गमावली आणि समोरच्याने तुमच्याच भांडवलावर ती केली. या हिशेबात वकिलाची फी, गाडीभाडे आणि बुडालेले दिवस धरलेले नाहीत. न्यायालयाचा उशीर म्हणजे देणेकऱ्याला मिळालेले फुकटचे भांडवल होय. हे समजले की तो तारखा का मागतो हेही समजते.

रिश्वत कोठे शिरते

जेथे रांग लांब असते तेथे रांग मोडून देणारा दलाल उभा राहतो. कोर्टाच्या आवारातही तसेच घडते. नक्कल लवकर हवी, फाइल 'सापडत नाही', समन्स वेळेवर निघावे, वॉरंट दाबून ठेवावे, अशा प्रत्येक वळणावर कोणीतरी हात पुढे करतो. येथे निकाल विकत घेतला जात नाही, वेळ विकत घेतला जातो. एक पक्ष वेळ कमी करण्यासाठी देतो, दुसरा वाढवण्यासाठी.

न्यायाधीशांपर्यंतही हा रोग पोचतो का? सगळ्यांना एका मापाने मोजणे हा जुलूम होईल. प्रामाणिक न्यायाधीश पुष्कळ आहेत, आणि आपल्यासारख्यांची वसुली झाली ती त्यांच्यामुळेच. पण डोळे झाकूनही चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर पैशांच्या गैरवापराचे आरोप होते आणि चौकशी समितीने त्यांना दोषी धरले होते. तरी १९९३ साली लोकसभेत काँग्रेसचे सदस्य मतदानापासून दूर राहिले आणि त्यांना हटविण्याचा ठराव पडला. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव २०११ साली राज्यसभेने मंजूर केला. लोकसभेत मत होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. आपल्या महाराष्ट्रात २०२४ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या जिल्हा न्यायाधीशावर जामिनासाठी ५ लाख मागितल्याचा गुन्हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोंदवला. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना सेवेतून काढले. १९९१ च्या वीरास्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, वरच्या न्यायालयांचे न्यायाधीशही भ्रष्टाचारविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात. फक्त त्यांच्यावर गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांचा सल्ला घ्यावा लागतो.

तरीही बाजारातल्या माणसाची फसवणूक बहुतेक वेळा न्यायाधीश करीत नाही, त्याच्या नावावर तिसराच कोणी करतो. आमचाच अनुभव सांगतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी परगावच्या एका व्यापाऱ्याला आम्ही १ लाख ८४ हजारांचे कोरे कापड दिले. चेक आला, बँकेत टाकला, शिल्लक अपुरी म्हणून परत आला. त्याने फोनवर सांगितले, "चाचा, पुढच्या जुम्म्याला रोख देतो, वकिलाला मध्ये घालू नका." ओळख जुनी होती. आम्ही थांबलो. एक जुम्मा गेला, मग दुसरा, मग आणखी दोन. वकिलाकडे गेलो तेव्हा कळले की नोटीस पाठवण्याचे ३० दिवस संपले आहेत आणि चेकची मुदतही उलटली आहे. फौजदारी मार्ग बंद झाला. दिवाणी दावा लावावा लागला. त्या कापडाची मजुरी ज्या विणकरांना द्यायची होती, ती आम्ही घरातला दागिना मोडून दिली.

दावा चार वर्षे चालला. त्या काळात आवारातल्या एका माणसाने गाठून सांगितले, "दहा हजार द्या, साहेबांपर्यंत पोचवतो, महिन्यात निकाल तुमचा." आम्ही डळमळलो, हे कबूल केले पाहिजे. एका वयस्कर वकिलांना विचारले. ते हसून म्हणाले, "हा माणूस साहेबांच्या दालनाचा उंबराही ओलांडत नाही. तो तुमच्याकडून घेईल आणि समोरच्याकडूनही घेईल. निकाल कोणाच्या तरी बाजूने लागणारच. जिंकला त्याचे पैसे तो ठेवील, हरला त्याचे परत करील. म्हणून दोघेही त्याला इमानदार म्हणतात." आम्ही पैसे दिले नाहीत. पण त्याआधी नकलेसाठी शे-दोनशे रुपये दोनदा दिले होते, तेही लपवणार नाही. तेव्हा ते 'चहापाणी' वाटले होते. ती रिश्वतच होती.

हुकूमनामा शेवटी आमच्या बाजूने झाला. पण तोवर त्याने दुकान भावाच्या नावावर केले होते. वसुली अजून अर्धीच झाली आहे.

दीन आणि कायदा काय सांगतो

सूरह बकराच्या १८८ व्या आयतीत, एकमेकांचा माल नाहक खाण्यासाठी तो हाकिमांपर्यंत नेऊ नका, अशी सक्त मनाई आहे. याच सूरहची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा आणि गवाह ठेवा असा हुकूम देते. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर आपला इलाज त्यांतच आहे. जो लिहून ठेवतो त्याला रिश्वतीची गरज कमी पडते.

देशाचा कायदाही २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्याला सोडत नाही. रिश्वत देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे, तरच बचाव आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत विभागाचा फोन क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधीच तेथे कळवून सापळा लावता येतो, आणि अशा वेळी देणारा गुन्हेगार ठरत नाही.

आपल्या हातात काय आहे

१) चेकच्या तारखा पाठ असू द्या. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकला पाहिजे. परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस निघाली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस मिळतात. त्यानंतर एक महिन्याच्या आत फिर्याद. उदाहरणार्थ, बँकेची खबर ५ जानेवारीला मिळाली तर नोटीस ४ फेब्रुवारीच्या आत. ती त्याला १० फेब्रुवारीला पोचली तर त्याची मुदत २५ फेब्रुवारीला संपते, आणि तुमची फिर्याद २५ मार्चच्या आत दाखल झालेली बरी. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या उशिराला माफी नाही. नोटिशीचे दिवस हुकले आणि चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकून नव्याने नोटीस देता येते. गोड बोलणे ऐकावे, पण नोटीस पाठवून ऐकावे. नोटीस म्हणजे दुश्मनी नव्हे. पैसे आले तर ती तेथेच संपते.

२) कलम १४३-अ ची मागणी करा. १ सप्टेंबर २०१८ पासून न्यायालय खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववू शकते. २ लाखांच्या चेकवर ती ४० हजारांपर्यंत होते. पुष्कळ फिर्यादी हा अर्जच करीत नाहीत. २०१५ च्या दुरुस्तीमुळे, खात्यात भरलेल्या चेकची फिर्याद तुमचे खाते ज्या शाखेत आहे त्या हद्दीत चालते, देणेकऱ्याच्या गावी जावे लागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की, समन्स फिर्यादीनेही हातोहात बजवावे आणि इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवावे. तेव्हा आरोपीचा फोन क्रमांक, ई-मेल आणि खरा पत्ता माल देतानाच लिहून घ्या.

३) कागद पक्के ठेवा. बिल, चलन, लॉरी पावती आणि माल पोचल्याची सही या चार गोष्टी हव्यातच. व्हॉट्सॲपवरची ऑर्डर पुराव्यात चालते, पण तिच्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते, म्हणून तो फोन जपून ठेवा. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षे आहे. ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी कबूल करून लेखी सही दिली तर मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. दरवर्षी खाते उताऱ्यावर सही घेण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत यासाठीच होती.

४) पेढीची नोंदणी करा. आपल्याकडे भाऊ-भाऊ मिळून पेढी चालवतात आणि भागीदारीची नोंदणी करीत नाहीत. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे, नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून बाहेरच्या माणसाविरुद्ध दावा लावता येत नाही. खरे येणे असूनही दावा दारातच अडतो.

५) यंत्रमागधारकांनी 'उद्यम' नोंदणी करावी, आणि ती माल देण्याआधी करावी. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. नाही दिले तर सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. परिषदेच्या निर्णयाला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यामुळे नुसता वेळ काढण्यासाठी आव्हान देणे त्याला परवडत नाही. कायद्यात उशिराबद्दल चक्रवाढ व्याजही आहे. ते घ्यावे की नाही हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. मुद्दल मागण्यात तर कोणतीच अडचण नाही. मात्र नुसत्या खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला, म्हणजे आमच्यासारख्याला, या परिषदेचा फायदा नाही. २०२१ साली व्यापाऱ्यांना जी उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकेच्या कर्जापुरतीच आहे.

६) समेटाच्या दारांना कमी समजू नका. ३ लाख आणि त्यावरच्या व्यापारी वादात, तातडीचा आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती तीन महिन्यांत संपवायची असते. लोकअदालतीत तडजोड झाली तर त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पाच वर्षांनी मिळणाऱ्या दोन लाखांपेक्षा आज हातात येणारे पावणेदोन लाख कधी कधी जास्त असतात, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात येईल. बिलावर किंवा करारात लवादाचे कलम दोन्हीकडच्या सहीने टाकले तर वाद बाजारातल्या जाणत्या माणसापुढे नेता येतो.

७) आपल्या प्रकरणाची तारीख स्वतः पाहा. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक असतो. तो वकिलाकडून मागून घ्या. सरकारच्या ई-कोर्ट सेवेच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले, कोणता आदेश निघाला, हे फोनवर फुकट दिसते. घरातला शाळकरी मुलगाही हे करून देईल. जी गोष्ट फोनवर दिसते तिच्यासाठी कोणी पैसे मागू शकत नाही.

निकाल म्हणजे पैसे नव्हेत

एक गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. हुकूमनामा हातात आला म्हणजे वसुली झाली असे नाही. त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज, म्हणजे दरखास्त, करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी. पण २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयापुढे जो आकडा आला तो असा की, देशात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून आहेत आणि त्यांतील सुमारे ३ लाख ४१ हजार एकट्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे जिंकून बसलेले सर्वांत जास्त लोक आपल्याच राज्यात आहेत. म्हणून दावा लावतानाच देणेकऱ्याचे दुकान, गोदाम, माग आणि बँक खाते यांची माहिती गोळा करावी. तो मालमत्ता हलवीत असल्याची चिन्हे दिसली तर निकालाआधी जप्तीचा अर्ज करता येतो. आम्ही तो केला नाही, म्हणून आज अर्ध्यावर आहोत.

शेवटी आपल्याच दाराशी

न्यायाधीशांच्या जागा भरणे सरकारचे आणि उच्च न्यायालयांचे काम आहे. त्यासाठी आपल्या व्यापारी संघटनांनी आमदार-खासदारांकडे लेखी मागणी केली पाहिजे. आपल्या शहरातील न्यायालयात किती जागा रिकाम्या आहेत हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. प्रत्येक संघटनेने निदान एवढे तरी करावे.

पण एक सवाल स्वतःलाही विचारला पाहिजे. आपल्यापैकी किती जण सूतवाल्याचे, रंगारीचे, विणकराचे पैसे 'पुढच्या जुम्म्याला' म्हणून महिनेमहिने ठेवतात? मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी, ही आपल्या नबींची शिकवण आहे. ज्या गरीब विणकराकडे बिल नाही, चलन नाही, वकिलाची फी नाही, त्याच्यासाठी कोर्टाचे दार आपल्यापेक्षाही लांब आहे. आपण त्याचे पैसे अडवले तर त्याच्या पुस्तकात तारखा देणारे आपणच ठरतो. आमच्या पेढीवर यंदापासून मजुरी दर गुरुवारी चुकती होते. हे करायला कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाची गरज पडली नाही.

व्यवहार लिहा, मुदती पाळा, रिश्वत देऊ नका, आणि दुसऱ्याचा हक्क वेळेवर द्या. एवढे केले तर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ कमी येईल, आणि आलीच तर, इन्शाअल्लाह, रिकाम्या हाताने उतरावी लागणार नाही.